रोबो निवडण्याआधी मोजपट्टी काढा

आमच्याकडे केर-फरशी करणारा पहिला रोबो आला, त्याच दिवशी संध्याकाळी तो दिवाणाखाली जाऊन अडकला. आत शिरताना अडचण आली नव्हती. पण दिवाणाची मधली लाकडी पट्टी कडेपेक्षा थोडी खाली होती आणि तिथे त्याचं डोकं अडकलं. मग आतून एक बाई इंग्रजीत मदतीसाठी आर्जवं करू लागल्या. मी जमिनीवर आडवी पडून झाडूच्या दांड्याने त्याला ओढत होते आणि आई शांतपणे म्हणाली, "आमची केरसुणी कधी दिवाणाखाली जाऊन रडली नाही हो."

त्यानंतर नात्यात, सोसायटीत, ऑफिसात कुणी "केर-फरशी करणारा चांगला रोबो कुठला गं?" असं विचारलं की मी उलट विचारते, "तुझ्या सोफ्याखाली किती सेंटिमीटर जागा आहे?" लोकांना वाटतं मी टाळतेय. पण पन्नास-साठ हजारांच्या पुढची ही यंत्रं केर काढण्यात एकमेकांच्या फारशी मागेपुढे नसतात. फरक पडतो तो पुसण्यात, डॉकमध्ये (रोबो काम करून परततो ती भिंतीशी उभी पेटी) आणि ते यंत्र तुमच्या घरात बसतं की नाही यात. त्यामुळे कंपन्यांचे तक्ते नंतर उघडू. सुरुवात घरापासून.

पहिली पायरी: कागद, पेन, मोजपट्टी

ज्या ज्या वस्तूखाली रोबोने जावं असं वाटतं, तिची जमिनीपासूनची उंची मोजा. कडेला मोजू नका, आत हात घालून सगळ्यात खालच्या भागाशी मोजा (दिवाणाने शिकवलेला धडा). डोक्यावर गोल डबी असलेले रोबो साधारण साडेनऊ ते साडेदहा सेंमी उंच असतात. त्या डबीत लेझर फिरतो आणि त्यावर तो घराचा नकाशा काढतो. त्याच्या उंचीपेक्षा वर एक-दीड सेंमी मोकळी हवी. तुमचा सोफा नऊ सेंमीवर असेल तर डबी नसलेली किंवा डबी आत ओढून घेणारी जात शोधावी लागेल. २०२५ मध्ये आलेले रोबोरॉक कंपनीचे सारोस १० आणि सारोस १०आर हे दोन्ही ७.९८ सेंमीचे आहेत. पहिल्याची डबी खाली बसते, दुसऱ्याला डबीच नाही. बुटक्या फर्निचरच्या घरात या एका आकड्यावर निवड होऊ शकते.

मग उंबरे मोजा. बहुतेक रोबो दोन सेंमीपर्यंतचा उंबरा चढतात. आपल्याकडे खोल्यांच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी असते, ती साधारण त्यात बसते. जुन्या बांधकामातले लाकडी उंबरे बसत नाहीत. ड्रीमीच्या एक्स५० अल्ट्राला त्यासाठी चक्क छोटे पाय दिलेत आणि कंपनी सहा सेंमीपर्यंतचा दावा करते, पण तो टप्प्याटप्प्याचा उंबरा असेल तर. एकाच दारासाठी तेवढे पैसे मोजण्यापेक्षा सुताराकडून उताराची एक लाकडी फळी करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तिसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्या फरशीत काळा रंग कुठे आहे ते बघा. रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेडचे सेन्सर असतात. ते जमिनीवर किरण टाकतात आणि परत येणाऱ्या उजेडावरून खाली जमीन आहे की जिना, हे ठरवतात. काळाकुळकुळीत कडप्पा किंवा काळं ग्रॅनाइट हे किरण गिळून टाकू शकतं. रोबोला वाटतं पुढे दरी आहे, आणि तो दारातूनच मागे फिरतो. सगळ्याच काळ्या दगडावर असं होत नाही, पॉलिश कशी आहे त्यावर असतं. म्हणून घरी डेमो मागवणं महत्त्वाचं. सेन्सरवर चिकटपट्टी लावायचा उपाय सांगणारे भेटतील. घरात जिना असेल किंवा बाथरूम खोलगट असेल तर तो उपाय अजिबात करू नका.

जमिनीपर्यंत आलेले आरसे आणि बाल्कनीची काचेची सरकती दारंही लिहून ठेवा. लेझर आरशातून परावर्तित होतो आणि नकाशात तुमच्या बेडरूमला कपाटापलीकडे एक भुताची खोली जोडली जाते. त्यावर उपाय सोपा आहे, अ‍ॅपमध्ये तिथे रेघ ओढून द्यायची.

दुसरी पायरी: पुसतो कसा ते बघा

गालिच्यांच्या देशांत ही यंत्रं आधी केर ओढायला बनली आणि पुसणं मागाहून चिकटलं. आपलं घर उलटं आहे. आपल्याकडे व्हिट्रिफाइड टाइल, मोझॅक, कोटा, मार्बल. आणि रोज ओलं फडकं फिरल्याशिवाय घर स्वच्छ वाटत नाही. त्यामुळे तुलनेत सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

पुसण्याच्या तीन तऱ्हा बाजारात आहेत. पहिली, मागच्या बाजूला सपाट फडकं, जे थरथरतं. स्वस्त रोबोत ते थरथरतही नाही, नुसतं ओढलं जातं. रोजची धूळ पुसायला हे पुरतं, पण पहिल्या खोलीची घाण फडक्यातून दुसऱ्या खोलीत जाते. दुसरी, दोन गोल चकत्या, ज्या फरशीवर दाब देऊन गरगर फिरतात. ड्रीमी आणि नारवाल यांनी ही तऱ्हा रुळवली. ठरावीक मिनिटांनी किंवा एक खोली झाल्यावर रोबो डॉकवर परततो, चकत्या धुऊन घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. अगदी आपण फडकं बादलीत खळबळतो तसं. तिसरी आणि सध्या जोरात असलेली तऱ्हा म्हणजे फिरता रोलर. इकोव्हॅक्सचा एक्स८ प्रो ऑम्नी आणि नारवालचा फ्लो ही त्यातली नावं. यात फडकं सतत फिरतं, त्यावर सतत स्वच्छ पाणी पडतं आणि घाण पाणी तिथल्या तिथे खरवडून आतल्या टाकीत घेतलं जातं. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला फडकं धुतलेलंच असतं.

तुमच्याकडे स्वयंपाकघरात फोडणीचं तेल उडत असेल, ओट्यापाशी पिठाचे आणि चहाचे डाग पडत असतील, तर माझा कौल रोलरला. नुसती धूळ असेल तर चकत्या भरपूर झाल्या. चकत्यांमध्ये एक गोष्ट मात्र तपासा: त्यातली एक चकती भिंतीशी बाहेर सरकते का? ती सरकत नसेल तर भिंतीलगत बोटभर पट्टी कोरडी राहते आणि महिन्याभरात तिथे काळी रेघ दिसू लागते.

वाळलेल्या हळदीपुढे मात्र तिघेही हात टेकतात. मावशी जशा त्या जागी थांबून, फडक्यावर तळहाताचा जोर देऊन घासतात, तसा जोर कुठल्याच रोबोकडे नाही.

डेमोला माणूस आला की तो स्वतःच्या खिशातून कागदाचे कपटे काढून टाकेल आणि रोबो ते उचलेल. ते कौतुक संपू द्या. तुम्ही मात्र तासभर आधीच फरशीवर तीन गोष्टी करून ठेवा: दुधाच्या चहाचा थेंब वाळू द्या, तेलाचं एक बोट ओढा, आणि भिंतीच्या कोपऱ्यात चमचाभर रवा टाका. पुसून झाल्यावर अनवाणी चाला. पाय चिकटला तर फडकं तेल पसरवतंय. रवा कोपऱ्यातच राहिला तर कोपऱ्यातला ब्रश अपुरा आहे. रवा खोलीभर उडालेला असेल तर ब्रश जरुरीपेक्षा जास्त वेगाने फिरतोय, आणि तेही चांगलं नाही.

गालिच्यासाठी दिलेल्या करामतींवर (फडकं उचलून धरणं, चकत्या डॉकवर काढून ठेवून जाणं) आपल्यापैकी बहुतेकांनी पैसे घालवू नयेत. आपल्याकडे असते ती सतरंजी आणि पायपुसणी, आणि हलक्या पायपुसण्याची कड ब्रशमध्ये गेली की रोबो ते पायपुसणंच घेऊन घरभर फिरतो. ती उचलून ठेवणं एवढाच उपाय.

तिसरी पायरी: डॉक, म्हणजे पैसे जिथे जातात ती जागा

महाग आणि मध्यम रोबोतला खरा फरक रोबोत नसतो, तो भिंतीशी उभ्या असलेल्या त्या पेटीत असतो. पेटी चार कामं करते: रोबोच्या पोटातला केर पिशवीत ओढून घेणं, फडकी धुणं, ती गरम हवेने वाळवणं आणि स्वच्छ पाणी भरून देणं. यातलं वाळवणं सोडू नका. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात ओलं फडकं रात्रभर बंद पेटीत राहिलं तर सकाळी घराला कुबट वास येतो आणि पुढच्या वेळी तोच वास फरशीला लागतो. गरम पाण्याने धुणारे डॉक (साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे) तेलकट घरांत उपयोगाचे. बाकीच्यांना साधं पाणी चालतं.

पेटी लहान नसते. ढोबळमानाने स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरएवढी जागा धरा, शिवाय समोर मीटर-दीड मीटर मोकळी. दारामागे किंवा चपलांच्या कपाटाशेजारी ती बसत नाही. शेजारी थ्री-पिनचा पॉइंट हवा आणि तो लोंबकळत्या एक्स्टेंशन बोर्डवर नको, कारण पाणी तापवताना आणि फडकी वाळवताना डॉक बरीच वीज ओढतो. रोबोची बॅटरी त्यामानाने किरकोळ आहे. १४.४ व्होल्टची ५,२०० एमएएच बॅटरी म्हणजे सुमारे ७५ वॅट-तास. ती पूर्ण चार्ज करायला युनिटचा दहावा भागही लागत नाही.

आता पाणी. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण चार लिटरची असते, तुम्हीच भरायची. घाण पाण्याची टाकी तुम्हीच ओतायची. ती दोन दिवस राहिली तर काय होतं हे एकदा अनुभवलं की पुन्हा विसरत नाही. आमच्याकडे लग्नाला गावी गेलो तेव्हा ती तशीच राहिली होती; परत आलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे उंदीर मेलाय का हो?" त्यामुळे टाक्या काढायला-घालायला सोप्या आहेत का, तोंड हात आत जाईल एवढं रुंद आहे का, हे दुकानात स्वतः काढून बघा. घरात वयस्कर माणूस हे काम करणार असेल तर त्यांनाच उचलायला सांगा. भरलेली टाकी चार किलोंच्या वर जाते.

अनेक घरांत आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून फरशीला वापरतात. चांगली सवय आहे, पण रोबोच्या टाकीत ते घालू नका. ज्या क्षारांमुळे ते वेगळं काढलं गेलं, ते सगळे त्यात एकवटलेले असतात. डॉकच्या बारीक नळ्यांत आणि हीटरवर त्यांचा थर बसतो आणि काळ्या टाइलवर पांढरे ओघळ दिसतात. बोअरवेलचं जड पाणीही टाळा. फिनाइल तर नाहीच: त्याने नळ्या तुंबतात, रबर खराब होतं आणि वॉरंटीवाले हात वर करतात. कंपनीने सांगितलेलं द्रावण किंवा नुसतं पाणी. आईचं म्हणणं, फिनाइलच्या वासाशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही. बाथरूम तिच्याकडे दिलंय.

चौथी पायरी: पास्कलच्या आकड्यांना भुलू नका

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो तो ओढण्याचा जोर: १०,००० पास्कल, २०,००० पास्कल. पास्कल हे दाबातल्या फरकाचं माप आहे. एक मीटर उंच नळीतून तोंडाने पाणी वर ओढायचं तर साधारण ९,८०० पास्कलचा फरक लागतो. पण गुळगुळीत टाइलवरची धूळ उचलायला दाबापेक्षा हवा किती वाहते आणि ब्रश जमिनीला किती टेकतो हे जास्त मोलाचं. जाड गालिच्यात रुतलेला केर काढायचा असेल तेव्हा मोठे आकडे उपयोगी पडतात. आपल्या फरशीवर ५,००० आणि १५,००० यांत डोळ्यांना फरक दिसेलच असं नाही. कानांना मात्र नक्की कळेल.

त्यापेक्षा पोटाखालचा ब्रश उलटा करून बघा. घरात लांब केस असतील तर केसाळ ब्रश नको, रबराचा हवा, आणि मधोमध दुभागलेला किंवा निमुळता असेल तर उत्तम; केस टोकाकडे सरकून आत ओढले जातात.

पाचवी पायरी: त्याचे डोळे, आणि आपली खासगी जागा

लेझर नकाशा काढतो, पण चार्जरची वायर, मोजा, लहान मुलाची गाडी त्याला दिसत नाही, कारण त्या लेझरच्या रेषेखाली असतात. त्यासाठी पुढे कॅमेरा किंवा प्रकाशाच्या आकृत्या टाकून खोली मोजणारा सेन्सर असतो. घरात पसारा असेल, कुत्रं-मांजर असेल तर हे हवंच. २०२५ च्या सुरुवातीला रोबोरॉकने मोजा उचलून बाजूला ठेवणारा हात असलेला सारोस झेड७० दाखवला. हौस म्हणून ठीक आहे. मोजे उचलण्यासाठी घरात दुसरी माणसं आहेत.

कॅमेऱ्याबद्दल सावध मात्र राहा. २०२२ च्या डिसेंबरात एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकाने बातमी दिली की आयरोबोट कंपनीच्या रूम्बा रोबोच्या चाचणीतल्या यंत्रांनी घरांत टिपलेले फोटो, त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचाही, बाहेर फुटले. चाचणीत भाग घेणाऱ्यांनी संमती दिली होती असं कंपनीचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतले इकोव्हॅक्सचे एक्स२ रोबो परक्यांनी ताब्यात घेऊन त्यांच्या स्पीकरवरून शिव्या दिल्या. त्यामुळे अ‍ॅपमध्ये "घरातलं थेट दृश्य" ही सोय बंद ठेवा, पासवर्ड इतर कुठे वापरलेला नको, अपडेट वेळेवर करा. बेडरूम आणि बाथरूमबद्दल मन साशंक असेल तर कॅमेरा नसलेलं, फक्त सेन्सरवर चालणारं मॉडेल घ्या आणि वायरी उचलण्याची सवय लावून घ्या.

सहावी पायरी: बिलाच्या पलीकडचा हिशेब

किंमत ठरवताना एक कागद वेगळा करा. केराच्या पिशव्या, फडकी, फिल्टर, कडेचा ब्रश, कंपनीचं द्रावण: वर्षाला प्रत्येकी किती लागणार आणि ते भारतात सहज मिळतं का, ते त्या मॉडेलच्या नावाने शोधून आजच बघा. यंत्र मिळतं आणि पिशवी मिळत नाही, असं मी स्वतः भोगलंय. तीन महिने जुनी पिशवी कापून, रिकामी करून, पुन्हा शिवून वापरली.

मग मावशींचा हिशेब. समजा केर-फरशीला महिन्याला १,२०० रुपये जातात. वर्षाचे झाले १४,४००. ऐंशी हजारांचं यंत्र वसूल व्हायला साडेपाच वर्षं, आणि तोपर्यंत बॅटरी थकलेली असेल. पैसे वाचवायला म्हणून हे घेऊ नका. जिने, बाल्कनी, बाथरूम, पंखे, जाळी-जळमटं यांतलं काही रोबो करत नाही. घरी दुपारी कुणी नसतं, धुळीचा त्रास आहे, गुडघे वाकत नाहीत, ही कारणं खरी.

सर्व्हिसचं आधी विचारा: तुमच्या शहरात माणूस येतो, की यंत्र खोक्यात भरून पाठवायचं? मूळ खोका वर्षभर माळ्यावर ठेवा.

आणि अमेरिकेतल्या भाच्याला "येताना घेऊन ये रे" सांगण्याआधी थांबा. तिथल्या यंत्रांचे डॉक १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टला लावलात तर पहिल्याच दिवशी धूर निघू शकतो. शिवाय अनेक अ‍ॅप यंत्र कुठल्या देशासाठी बनलंय ते ओळखतात आणि दुसरीकडे नोंदणीच होऊ देत नाहीत. वॉरंटीही तिथेच राहते.

कंपनीचं भवितव्यही बघावं लागतं, कारण अ‍ॅपचा सर्व्हर बंद पडला तर नकाशा आणि वेळापत्रक जातं. लेझरचे रोबो रुळवणारी निॲटो २०२३ मध्ये बंद झाली. ज्यांच्या रूम्बामुळे २००२ पासून ही जातच ओळखली जाऊ लागली त्या आयरोबोटला अ‍ॅमेझॉन विकत घेणार होतं, तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये मोडला, आणि २०२५ च्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. अ‍ॅपशिवाय, नुसतं अंगावरचं बटण दाबून सगळं घर झाडता येतं का, हे म्हणूनच विचारून घ्या.

सातवी पायरी: घरी आणल्यावरचा पहिला आठवडा

वाय-फाय जोडताना अडलात तर बऱ्याचदा दोष एकच असतो: बहुतेक रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात आणि राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) एकाच नावाने देत असतो. राउटरमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या.

पहिली फेरी दिवसा, सगळी दारं उघडी ठेवून, पुसणं बंद करून, फक्त नकाशासाठी. मागे मागे फिरू नका, तुमचे पाय नकाशात खांब म्हणून येतात. मग खोल्यांना नावं द्या आणि देवघरासमोरची जागा, दारातली रांगोळी, कुत्र्याचं पाण्याचं भांडं, लोंबणारे पडदे यांच्याभोवती बंदीची चौकट आखा. रांगोळीची चौकट आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी आखायची राहिली. आईने पहाटे काढलेलं कमळ सात वाजता पिशवीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून आधी केर, मग पुसणं, असं दोन वेगळ्या फेऱ्यांत चालवून बघा. दोन्ही एकदम केलं तर कोपऱ्यात धुळीचा चिखल होतो, विशेषतः जवळपास बांधकाम चालू असेल तर. पाणी कमीत कमीवर ठेवून रोज एक पायरी वाढवत जा. लाकडी फ्लोअरिंग असेल तर कमीतच थांबा. वेळ दुपारची लावा, पंखे बंद ठेवून. चालू पंख्याखाली तो धूळ हुंगत फिरतो आणि धूळ त्याच्या पुढे पळते.

आठवड्याच्या शेवटी तो उलटा करा. ब्रशच्या दोन्ही टोकांचे केस कात्रीने कापून काढा, पोटाखालचे सेन्सर कोरड्या फडक्याने पुसा, डॉकमधली फडकी धुण्याची परात बाहेर काढून घासा, तिथे गाळ साठतो आणि वासाचं मूळ तेच असतं. फिल्टर धुण्याजोगा असेल तर नळाखाली धरा आणि निदान २४ तास सावलीत वाळू द्या. ओलाच लावलात तर त्यावर धुळीचं लिंपण बसतं आणि मोटर धापा टाकू लागते. म्हणून यंत्रासोबतच दुसरा फिल्टर मागवून ठेवा, एक दोरीवर, एक रोबोत.